जेम्स क्रॉफर्ड यांच्यासारखा आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक कसा घडतो, आणि नाशिकहून तशी सुरुवात करता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात जेम्स क्रॉफर्ड हे नाव सारखं येतं, एवढा मोठा प्राध्यापक नेमका काय करून मोठा होतो, आणि इथून सुरुवात केली तर त्या वाटेवर कुठवर जाता येईल?

मुंबईच्या मार्केटला ज्यांचं नाव होतं ते आर्थर क्रॉफर्ड, पालिका आयुक्त. त्यांचा इथे काही संबंध नाही. हे क्रॉफर्ड ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे, जन्म १४ नोव्हेंबर १९४८. तुमच्या पेपरात त्यांचं नाव दोन प्रकरणांत येतं: देश कशाला म्हणायचं, आणि देशाने नियम मोडला तर पुढे काय. (पुस्तकात ‘राज्य’ असा शब्द असेल. मी ‘देश’ म्हणतो, कारण राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र येतो.) पहिल्या प्रकरणातलं काम त्यांनी विद्यार्थिदशेत केलं, दुसऱ्यातलं पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मधली वीस वर्षं कोणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

ॲडलेडला कायदा शिकून ते ऑक्सफर्डला इयन ब्राउनली यांच्याकडे डॉक्टरेटला गेले. विषय घेतला देश जन्माला कसे येतात हा. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर चार ओळींचं असतं: १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराचे चार निकष, म्हणजे कायम लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. परीक्षेत एवढं लिहून गुण मिळतात. क्रॉफर्ड यांनी अडचणीची उदाहरणं घेतली. १९६५ मध्ये ऱ्होडेशियातल्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने स्वातंत्र्य जाहीर केलं. जमीन होती, माणसं होती, चालतं सरकार होतं. तरी जगाने तो देश मानला नाही. का? कारण तिथल्या बहुसंख्य जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क डावलूनच ते सरकार उभं होतं. म्हणजे प्रत्यक्ष ताबा पुरत नाही, तो ताबा कसा आला हेही कायदा पाहतो. हा मुद्दा त्यांनी एकेक प्रकरण तपासत मांडला. डॉक्टरेट १९७७ ला मिळाली, पुस्तक १९७९ ला आलं, आणि दुसरी आवृत्ती थेट २००६ मध्ये. सत्तावीस वर्षं तोच विषय हातात होता, हे ध्यानात ठेवा.

पुढे ते ॲडलेडला परतले आणि शिकवू लागले. १९८२ ते १९८४ या काळात ऑस्ट्रेलियाच्या विधी सुधारणा आयोगावर होते. चरित्र वाचताना हा टप्पा लोक ओलांडून जातात, माझ्या मते मात्र सगळ्यात महत्त्वाचा हाच. परकी सरकारांवर आपल्या कोर्टात दावा कधी लावता येईल, या विषयावर आयोगाने काम केलं आणि त्यातून १९८५ चा कायदा झाला. कायद्यावर टीका करणं आणि कायद्याचं कलम स्वतः लिहिणं यांत विहीर पाहणं आणि विहीर खणणं एवढा फरक आहे. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ पडला तर काय होईल, व्याख्या आधी द्यावी की नंतर, अपवादाचं ओझं कुणावर टाकायचं, ही सवय वर्गात लागत नाही. पुढे जिनिव्हात त्यांना हीच सवय उपयोगी पडली.

सिडनीत प्राध्यापक आणि शेवटची दोन वर्षं डीन राहून ते १९९२ मध्ये केंब्रिजच्या व्हेवेल अध्यासनावर गेले. हे अध्यासन एकोणिसाव्या शतकातलं. युद्धाचे दुष्परिणाम कमी व्हावेत आणि शेवटी युद्धच संपावं या दिशेने नियम सुचवत राहावं, अशी देणगीदाराची अपेक्षा होती. आधी त्यावर ओपेनहाइम, मॅकनेर, लाउटरपाख्ट अशी माणसं बसून गेली. त्याच वर्षी क्रॉफर्ड आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य झाले. हा आयोग संयुक्त राष्ट्रांचा, ३४ सदस्यांचा. सदस्यांना आमसभा पाच वर्षांसाठी निवडते. उन्हाळ्यात जिनिव्हाला दोन टप्प्यांत बैठका होतात, बाकी वर्ष सदस्य आपापल्या नोकरीत. १९९४ मध्ये आयोगाने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मसुदा दिला, तो क्रॉफर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने केलेला. १९९८ चा रोमचा करार पुढे त्यावरून घडत गेला.

आता ते मुख्य काम, देशांची जबाबदारी. हा विषय आयोगाकडे १९४९ पासून पडून होता. क्रॉफर्ड यांच्या आधी चार विशेष प्रतिवेदक (एका विषयाचे अहवाल आणि मसुदा आयोगासाठी लिहिणारे सदस्य) होऊन गेले: गार्सिया आमादोर, आगो, रिपहागेन, आरांजिओ-रुइझ. १९९६ ला पहिलं वाचन कसंबसं पार पडलं, पण कलम १९ वर गाडं अडलं. त्या कलमानुसार देशही ‘गुन्हा’ करू शकत होता. देशाला गुन्हेगार म्हणायचं तर शिक्षा काय आणि ती देणार कोण, यावर सरकारं एकमेकांचं ऐकेनात. १९९७ मध्ये काम क्रॉफर्ड यांच्याकडे आलं. त्यांनी ‘गुन्हा’ हा शब्दच बाजूला ठेवला. त्यामागचा विचार मात्र सोडला नाही. काही नियम इतके मूलभूत असतात की त्यांचा गंभीर भंग झाला तर सगळ्या देशांवर कर्तव्यं येतात: त्या परिस्थितीला मान्यता द्यायची नाही, ती टिकवायला मदत करायची नाही, ती संपवायला सहकार्य करायचं. आजच्या मसुद्यात हे कलम ४० आणि ४१ मध्ये आहे. १९९८ ते २००१ दर वर्षी एक अहवाल, असे चार अहवाल, आणि ऑगस्ट २००१ मध्ये ५९ कलमं तयार.

तह मात्र झाला नाही. १२ डिसेंबर २००१ च्या ठराव ५६/८३ ने आमसभेने कलमांची फक्त ‘नोंद घेतली’. विद्यार्थ्यांना हे अपयश वाटतं. तहासाठी परिषद बोलावली असती तर पन्नास वर्षांत जमलेली वीण तिथे पुन्हा उसवली असती. त्यापेक्षा न्यायालयांनी कलमं वापरत जावं आणि ती वापरातून रुजावीत, हा मार्ग शहाणपणाचा ठरला. २००७ च्या बोस्निया खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यांचाच आधार घेतला. उत्तरपत्रिकेत ‘२००१ चा करार’ असं लिहू नका, ती सर्रास होणारी चूक आहे. दुसरी चूक क्रमांकांची. जुन्या गाइडमध्ये १९९६ च्या मसुद्याचे क्रमांक असतात. ‘निकड’ (गंभीर संकट टाळायला नियम मोडावा लागला, हा बचाव) तेव्हा कलम ३३ होतं, आता कलम २५ आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर कलम ४ उघडा. देशाच्या कुठल्याही अंगाचं कृत्य हे त्या देशाचं कृत्य, मग ते अंग केंद्राचं असो वा एखाद्या प्रदेशाचं, पदाने थोर असो वा लहान. म्हणजे नाशिक महापालिकेने एखाद्या परदेशी कंपनीचा परवाना मनमानीने रद्द केला आणि त्याने गुंतवणूक संरक्षणाच्या कराराचा भंग झाला, तर जबाबदार भारत. ‘निर्णय पालिकेचा, आमचा नाही’ असं दिल्लीला म्हणता येत नाही. आणि ‘आमच्या पालिका कायद्यात हे बसतं’ असंही नाही, कारण देशांतर्गत कायदा ही सबब चालत नाही असं कलम ३२ सांगतं.

अहवाल लिहिता लिहिता ते खटलेही लढवत होते, आणि तिथली त्यांची शैली शिकण्यासारखी. डिसेंबर २००९ मध्ये सर्बियातून फुटून निघालेल्या कोसोव्होच्या स्वातंत्र्याच्या घोषणेच्या प्रकरणात ते ब्रिटनच्या बाजूने द हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, उभे होते. भर न्यायालयात त्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाचं स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं, आणि मग विचारलं, काय झालं? काहीच नाही. एखाद्या गटाने केलेली घोषणा ही आधी नुसते शब्द असतात. तिने आंतरराष्ट्रीय कायदा मोडत नाही, प्रश्न असतो तो पुढच्या परिणामांचा. जुलै २०१० च्या मतात न्यायालयाने घोषणेमुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही असंच म्हटलं. फेब्रुवारी २०१५ पासून ते तिथेच न्यायाधीश झाले. कुलभूषण जाधव खटल्याच्या १७ जुलै २०१९ च्या निकालात पंधरा विरुद्ध एक अशी मतं पडली, त्या पंधरांत ते होते. ३१ मे २०२१ ला ते गेले, तेव्हाही न्यायाधीश होते.

जाधव खटला मराठी माणसाला ठाऊक आहे, पण नेमका निकाल सांगा म्हटलं की गडबड होते. न्यायालयाने शिक्षा रद्द केली नाही, सुटकेचा आदेशही दिला नाही. १९६३ च्या वाणिज्यदूत संबंधांच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ पाकिस्तानने मोडलं, म्हणून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश. शिवाय १८ मे २०१७ चा होता तो तात्पुरत्या उपायांचा आदेश, अंतिम निकाल २०१९ चा. निकाल वाचायला बसताना शेवटचा आदेशाचा परिच्छेद आधी वाचा, मग मागे येऊन प्रश्न कोणते होते ते पाहा, स्वतंत्र आणि विरोधी मतं शेवटी. संदर्भ पानाचा नाही, परिच्छेदाचा द्यायचा. अधिकृत निकाल इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये समोरासमोरच्या पानांवर छापलेले असतात. फ्रेंच शिकायचं असेल तर यापेक्षा चांगलं वाचन पुस्तक मिळणार नाही, आणि ते फुकट आहे.

प्राध्यापकाच्या दैनंदिन कामाचं म्हणाल तर त्यात विमानप्रवास कमी आणि हमाली जास्त. ब्राउनली वारल्यावर त्यांच्या पाठ्यपुस्तकाची आठवी आवृत्ती (२०१२) क्रॉफर्ड यांनी लिहिली, नववी (२०१९) सुद्धा. गुरूचं पुस्तक अद्ययावत करायचं म्हणजे प्रत्येक तळटीप उघडून ती अजून खरी आहे का हे पाहायचं. त्यांच्या आधीचे लाउटरपाख्ट घ्या. ते गॅलिशियातले, व्हिएन्नात केल्सन यांच्याकडे शिकले आणि १९२३ मध्ये लंडनला आले. मॅकनेर यांच्याबरोबर १९२९ पासून त्यांनी जगभरातल्या न्यायालयांचे आंतरराष्ट्रीय कायद्यावरचे निकाल गोळा करून खंड काढायला घेतले, शिवाय ओपेनहाइमच्या ग्रंथाच्या चार आवृत्त्या संपादित केल्या. न्यायाधीशपद आलं १९५५ ला. दोघांच्याही बाबतीत आधी तपासण्याचं कंटाळवाणं काम, मग खुर्ची.

आता नाशिक. आपल्याकडे एक अडचण मुळातच आहे, ती आधी सांगतो. क्रॉफर्ड प्राध्यापकही होते आणि वकीलही. भारतात पूर्णवेळ पगारी अध्यापकाला सनद चालू ठेवून वकिली करता येत नाही. उलट बाजूने मात्र वाट आहे: १९७९ च्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करणारा दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो. त्यामुळे आपल्याकडे बरेच जण सुरुवात तासिका तत्त्वावर करतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभं राहायला मात्र कुठल्याच सनदेची अट नाही, देशाने नेमलं की झालं.

पदाचे निकष असे. एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०), आणि नेट किंवा महाराष्ट्राची सेट, म्हणजे अध्यापकपदाची पात्रता परीक्षा. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. नेटमध्ये कायद्याचा विषय क्रमांक ५८. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि त्यांतला सार्वजनिक आंतरराष्ट्रीय व मानवतावादी कायदा हा फक्त एक. म्हणजे तुम्हाला हेगचं स्वप्न असलं तरी कौटुंबिक कायदा आणि अपकृत्यं वाचावीच लागणार. आंतरराष्ट्रीय कायद्यातली हुशार मुलं नेटला अडकतात ती इथेच. सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण हे मंजूर जागेवर. विनाअनुदानित महाविद्यालयात तासिकांचे पैसे मिळतात, आणि त्यावर काही वर्षं काढायची तयारी ठेवा. सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव, प्राध्यापकाला दहा वर्षांचा.

एलएलएम एक वर्षाचं घ्यायचं की दोन? एक वर्षाचं म्हणजे प्रत्यक्षात दोन सत्रं. प्रवेश होऊन स्थिरस्थावर होईतो प्रबंधाचा विषय द्यायची तारीख येते. विषय आधीच हातात असेल तरच एक वर्षाचं घ्या. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट या प्रवेश परीक्षेचा पदव्युत्तर पेपर द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय कायद्यातच खोल जायचं असेल तर दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटीचं एलएलएम आहे, आणि पीएचडीसाठी जेएनयूचं आंतरराष्ट्रीय विधी अध्ययन केंद्र. राम प्रकाश आनंद यांनी नवस्वतंत्र देशांच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायदा मांडला तो जेएनयूतच. त्यांचं ‘न्यू स्टेट्स अँड इंटरनॅशनल लॉ’ १९७२ चं आहे, क्रॉफर्ड यांच्या पहिल्या पुस्तकाच्याही आधीचं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर हा कायदा युरोपने लिहिला आणि आपण फक्त पाठ करायचा अशी समजूत कायम राहील.

पीएचडी किमान तीन वर्षं, कमाल सहा. प्रस्ताव नाकारले जातात ते बहुधा विषय अघळपघळ असल्यामुळे. ‘आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क: एक अभ्यास’ यात प्रश्नच नाही, तर उत्तर कुठून येणार? अरुंद विषय हवा, आणि तो तुम्हाला लासलगावच्या बाजार समितीत मिळेल.

कांद्याचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. डिसेंबरात सरळ बंदी घातली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिन्ही एकच, भाव पाडायची हत्यारं. कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी. गॅट, म्हणजे देशादेशांतल्या मालाच्या व्यापाराचा मूळ करार. त्याचं कलम ११ निर्यातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांना मनाई करतं, पण शुल्क आणि कर त्यातून वगळलेले आहेत. म्हणून ४० टक्के शुल्क या कलमात येत नाही. बंदी येते. किमान मूल्याचं काय? १९८८ मध्ये जपानच्या सेमीकंडक्टरच्या वादात गॅटच्या तज्ज्ञ मंडळाने ठराविक किमतीखालच्या निर्यातीला अटकाव हाही निर्बंधच मानला. तेव्हा ८०० डॉलरची अटही बंदीच्याच पंगतीला बसते, असा युक्तिवाद करता येतो.

मग भारताचा बचाव काय? कलम ११ च्याच पोटकलम २(अ) मध्ये सवलत आहे: अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरते निर्बंध चालतात. इथे तीन शब्दांवर भांडण होणार. ‘तात्पुरते’ म्हणजे किती महिने? ‘गंभीर’ म्हणजे भाव वाढला की आवक आटली? आणि कांदा हा ‘अत्यावश्यक’ अन्नपदार्थ आहे का, कारण कलमात अत्यावश्यक वस्तूंचा उल्लेखही आहे. पुढे शेतीविषयक कराराचं कलम १२ येतं. बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आगाऊ सूचना द्यावी असं ते म्हणतं. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण तो देश त्याच पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर सूट नाही. कांद्यात भारत निर्यातदारच आहे. एवढ्यावर वीस पानांचा लेख सहज होतो, आणि आवकेचे, भावाचे आकडे तुमच्या जिल्ह्यातच आहेत. दिल्लीच्या किंवा केंब्रिजच्या विद्यार्थ्याला ते मागवावे लागतील.

तो जमला नाही तर द्राक्षं आहेतच. नाशिकची द्राक्षं आणि नाशिक व्हॅली वाइन या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पण ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या जागतिक कराराचं कलम २३ वाइन आणि मद्यांना जास्तीचं संरक्षण देतं, फळांना कलम २२ च्या साध्या संरक्षणावर भागवावं लागतं. म्हणजे बाटलीतल्या द्राक्षाला जो मान तो घडातल्या द्राक्षाला नाही. हा भेद कुणाच्या आग्रहाने आला आणि भारताने त्याला विरोध कसा केला, हाही एक प्रबंध आहे.

लेख लिहून झाला की ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापू’ म्हणणाऱ्या मासिकांना देऊ नका. निवड समितीतल्या जाणकाराला ते नाव पाहूनच कळतं. त्यापेक्षा दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचं नियतकालिक १९६० पासून निघतं, तिकडे पाठवा. नकार आला तरी शेरे आले तर ते जपून ठेवा. जेसप मूटमध्ये (आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या अभिरूप खटल्यांची स्पर्धा) दोन ते पाच जणांचा संघ लागतो, आणि दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं स्वतः लिहावी लागतात. तोंडी फेरीचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण शिकायला मिळतं ते लेखी कामात. महाविद्यालयात संघ नसेल तर तुमच्यासारखा आणखी एक जण शोधला तरी सुरुवात होते.

दुसऱ्या वर्षाला आहात, म्हणून आत्ता एवढंच करा. ५९ कलमं आणि त्यांवरचं आयोगाचं भाष्य संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. रोज एक कलम भाष्यासकट, वहीत दोन ओळींचा मराठी गोषवारा. सुट्ट्या धरून अडीच महिने लागतील. सुरुवात कलम १ पासून करू नका, ते फार सरळ आहे. कलम ४ ते ११ आधी घ्या, मग २० ते २५, मग ३१ पासूनची भरपाईची. कलम ८ वाचताना निकाराग्वाचा १९८६ चा निकाल (तिथल्या बंडखोरांची कृत्यं अमेरिकेची मानायची का, हा त्यातला प्रश्न) शेजारी ठेवा, त्याशिवाय ‘नियंत्रण’ हा शब्द कळत नाही.